सहा बैलांची मोटार

“बाई, तुमी किती किलू भराल?”

वाईला आम्ही नवं बिऱ्हाड केलं, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी परसातल्या भिंतीवरून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना गाव, ना ‘पाणी कधी येतं ठाऊक आहे का’. मी हायस्कुलात मराठी शिकवणारी, हातात धुण्याची बादली. सांगलीच्या हळदपेठेत वाढले असले तरी माझ्याकडं पोतं म्हणून अजून कुणी पाहिलं नव्हतं. मी ताडकन् म्हटलं, “का? बाजारात काढायचंय का मला?”

“तसं न्हवं ओ,” भिंतीवरच्या पांढऱ्या मिशा गडबडल्या. “गाडीत मागं वजन पायजे. घाटाला टेस घ्यायची हाय. आमची ही काय बसत न्हाई, आन मिस्त्री नुस्ता हाडाचा सापळा. तुमी कशा भरलेल्या दिसताय.”

ही त्यांची तारीफ होती, हे कळायला मला पुढं वर्षभर लागलं. रंगराव आप्पा माणसाला शहाणा-वेडा, गरीब-श्रीमंत अशा मापानं मोजतच नसत. गाडी घाट चढताना हा माणूस कुठं बसवावा, एवढंच बघत. त्या हिशेबात मी डिकीच्या बाजूची ठरले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले.

आप्पा फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार होऊन परत आले, ऊस धाकट्या भावाच्या स्वाधीन केला आणि स्वतः गाडीच्या नादाला लागले. अंगात बंडी, खाली फौजेतली खाकी विजार, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल तोंड पुसायला, तेल पुसायला आणि सौदा करायला, तिन्हीला एकच. गाडी म्हणजे एक लांबलचक जुनी अमेरिकन मोटार, हिरवीगार. संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा कुणा लहानशा संस्थानिकाच्या गॅरेजातून ती निघाली होती. लोक जीपा घेत होते, आप्पांनी हे धूड घेतलं. कारण एकच, त्या इंजिनाच्या कुशीला एक जादा यंत्र होतं. ते पट्ट्यावर फिरे आणि इंजिनात हवा ठासून भरी, म्हणजे पेट्रोल जोरात जळे आणि गाडीला बळ येई. इंग्रजीत त्याला सुपरचार्जर म्हणतात. आप्पा त्याला भाता म्हणत, लोहाराचा असतो तसा.

“समद्या गाड्या नाकानं श्वास घेत्यात,” ते सांगायचे. “हिला आपन तोंडात फुंकतो.”

फुंकायचे खरे, पण गाडी पसरणीचा घाट काही चढत नव्हती. वाई सोडली, चार वळणं घेतली, की भाता घुरघुरायचा, गाडी धापा टाकायची आणि बसलेल्यांना उतरून ढकलावं लागायचं. आणि नेमकं तेच तर आप्पांच्या बायकोला, हौसाकाकींना, नको होतं.

काकींचं माहेर घाटाच्या वर, पाचगणीच्या अलीकडं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आप्पांनी ऐट म्हणून भाड्याची मोटार केली. ती घाटात बसली. नवी नवरी भरजरी लुगड्याचा ओचा खोचून मोटार ढकलत होती, आणि वरून उतरणाऱ्या बैलगाडीत तिच्याच भावकीतली माणसं बसलेली. ती माणसं हसली. काकींनी तिथल्या तिथं शपथ घेतली. “ज्या गाडीतनं मला उतराय लागंल, त्या गाडीत मी चढनार न्हाई. एस्टी कशी का आसंना, उतरा म्हनत न्हाई मला.” आप्पांनी गाडी आणली त्या दिवशी काकींनी तिला ओवाळलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि घरात निघून गेल्या. गाडीत काही बसल्या नाहीत.

याचं आप्पांना केवढं लागलं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “बाई, मी तिकडं डोंगरात साहेबांच्या गाड्या चढवत हुतो, आन ही हितं एस्टी गावली न्हाई की डोक्यावर बोचकं घिऊन एकली घाट चढत हुती. पोरं झाली तवा बी एकलीच गेली. कवा तक्रार न्हाई. आता एकदा फकस्त हिला फुडच्या शीटावर बसवून म्हायेराच्या दारात उतरवायची हाय. मग गाडी भंगारात गेली तरी चालंल.” एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. लगेच म्हणाले, “आयतवारी मोकळ्या हाय न्हवं? बसाय येताय?”

तर या एका कामासाठी इंजिनाला कुठला नवा पार्ट घालायचा, हा आप्पांचा संसार होता. आणि पार्ट निवडायची त्यांची रीत अशी, की मी तरी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. आप्पांच्या सात पिढ्या बैल निवडण्यात गेल्या. तेव्हा पार्ट घ्यायचा म्हणजे जनावर घ्यायचं. तो आधी लांबून बघायचा. मग जवळ जाऊन पाठीवर थाप मारायची. दात बघायचे, म्हणजे गिअरचे. वास घ्यायचा. आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, कारण जनावर खोटं बोलत नाही, धनी बोलतो. बेंदराला सगळं गाव बैलांची शिंगं रंगवी, आप्पा गाडीच्या पुढच्या दिव्यांना हिंगूळ लावीत, बॉनेटला घुंगरमाळ बांधीत आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीपाशी धरीत. काकी दारातून म्हणायच्या, “खाती का बगा. न्हाईतर दूध कुस्करून द्या.”

पार्ट मिळायचे सांगलीला. तिथं जुन्या गाड्या मोडणाऱ्यांची रांगच होती. माझं माहेर सांगलीचं, हे आप्पांना कळलं आणि माझं माहेर माझं राहिलं नाही. महिन्या दोन महिन्यांनी सकाळची एस्टी धरून ते जात, माझ्या वडिलांच्या अडतीवर हळदीच्या पोत्यांना टेकून चहा पीत, जेवायला घरी येत आणि संध्याकाळी पिशवीतून लोखंड घेऊन परतत. आई मला पत्रात लिही, “तुझ्या आप्पांना आमटी फार आवडली.” मी गेले तर म्हणे, “एकटीच आलीस? आप्पा नाहीत?” आता बोला!

एकदा मीही त्यांच्याबरोबर त्या भंगाराच्या गल्लीत गेले होते. आप्पांना भात्यासाठी लहान पुली हवी होती. पुली लहान केली की भाता जास्त फिरतो, हवा जास्त जाते. दुकानावर विशीतला पोरगेलासा मालक, केसांचा कोंबडा पाडलेला. आप्पांनी पुली उचलली, नखानं वाजवली, कानाशी धरली, आणि मग काहीएक न बोलता त्या मालकाचा हात ओढून आपल्या टॉवेलाखाली घेतला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबायची, बाकीच्यांना आकडा कळू द्यायचा नाही. त्या पोराला हे कुठलं ठाऊक? मिशीवाला म्हातारा भर दुकानात आपली बोटं कुरवाळतोय म्हटल्यावर तो घाबराघुबरा झाला. “आजोबा, हात सोडा! आवं बाई, ह्येंना काय हुतंय का?”

“तीन बोटं धरली मी,” आप्पा मला म्हणाले. “हा लेकाचा हातच काढाय बघतोय. म्हंजे चार म्हनतोय.” शेवटी भेदरलेल्या पोरानं दोनालाच पुली देऊन टाकली. आप्पांनी येताना एस्टीत त्याचं कौतुक केलं, सौद्याला लई कडक हाय म्हणाले.

ती लहान पुली बसली आणि आमची रविवारची वरात घाटाला निघाली. आप्पा चालवायला, शेजारी इब्राहिम मिस्त्री, मागं मी. मिस्त्रींचा बोलण्यात हात धरणारं कुणी नव्हतं, इंजिनात धरणारे बरेच होते. गाडी अशी काही उठली म्हणता! पहिली दोन वळणं मी आयुष्यात इतक्या वेगानं पाहिली नव्हती. तिसऱ्याला फाडकन् आवाज झाला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट आला. इंजिनाच्या दोन भागांमध्ये घट्ट बसायचं गॅस्केट जादा हवेनं फुटलं होतं. आम्ही तिघं उतरलो. ढकलत वळवली आणि उतारावर सोडून दिली.

आप्पा मात्र खूश. “चढली! इंजीन चढाय बघतंय, गॅस्केटच हिजडं निघालं.” मग मला बघून जीभ चावली. “म्हंजे, कच्चं निघालं.”

त्यांनी तांबट आळीत जाऊन तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट ठोकून घेतलं. तांबटानं सवयीनं त्याच्या कडेला नक्षी काढली, ती घासून काढायला दोन दिवस गेले. गॅस्केट टिकलं, तर रेडिएटर उकळायला लागला. रेडिएटर मोठा केला, तर दोन पिस्टनना चिरा गेल्या. आप्पांना वाईट वाटत नसे. “एकत्र कुटुंब हाय गड्या,” ते मिस्त्रींना समजावत. “एका सुनंला पाटल्या केल्या की दुसरी रुसनारच.”

पिस्टन बदलण्यावरून मात्र मोठं महाभारत झालं. इंजिनात पिस्टन सहा, एका रांगेत. सांगलीला एका मोडलेल्या ट्रकमधून त्याच मापाचे, जाड आणि दणकट असे चारच मिळाले. माझ्या वडिलांनीसुद्धा अडकित्त्यानं वाजवून त्यांना पसंती दिली होती. मिस्त्री म्हणाले, “सहा मिलने दो आप्पा, तब तक रुको.” आप्पा कुठले थांबतायत. त्यांनी अंगणात खडूनं सहा रेघा ओढल्या आणि आम्हाला शिकवणी दिली.

“नांगराला सहा बैल जुपतो आपन. म्हंजे जोड्या तीन. नांगराला लागून आसती ती धुरेची जोडी. समदं वझं तिच्यावर. मग तितं काय हलकी खोंडं घालतो का? तितं दांडगी. फुडं पोरसवदा चालत्यात, नुस्ती वाट दावायला. तसंच हितं. गिअरबॉक्सच्या बाजूला वझं हाय. तितं दोन जोड्या दांडग्या घालायच्या. फुडची जुनी जोडी ऱ्हाऊ दे.”

मला तर पटलं बाई. मिस्त्रींनाही पटलं, कारण त्यांचे वडीलही नांगरच धरायचे. चार जड पिस्टन मागं गेले, दोन हलके जुने पुढं राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. पलीकडं आप्पांनी गाडी चालू केली आणि माझ्या फळीवरचे डबे चालायला लागले. खोटं सांगत नाही, चहापत्तीचा डबा चालत चालत साखरेच्या डब्यापाशी गेला आणि दोघं मिळून खाली आले. मी धावत बाहेर आले, तर गाडी जागच्या जागी थरथरत होती. एक दिवा निखळून पडला. आप्पा चाक धरून आत बसलेले, आणि त्यांच्या मिशा, गाल, टॉवेल सगळं हलत होतं.

“क-क-कसं वाटतंय?” त्यांनी आतून विचारलं.

“हिंव भरलंय तिला,” काकी म्हणाल्या.

मिस्त्रींनी दोष तेलाला दिला. आप्पांनी दोष मिस्त्रींना दिला. मग दोघांनी मिळून पेट्रोलपंपाला दिला. आठ दिवस त्यांचं इंजिन उघड-झाक चाललं आणि माझे डबे खाली फरशीवर राहिले. शेवटी एका दुपारी काकींचाच संयम सुटला. त्या जात्यावर भरडत बसल्या होत्या, सोबत शेजारची सून. तिथूनच ओरडल्या,

“आवं, नांगूर सरळ जातो! तुमचं ते गोल फिरतंय न्हवं? मग जात्यासारकं हाय ते. जात्याला एक दांडगी आन एक किडकिडी बसली, तर जातं नाचतंय. सारक्या जोराच्या लागत्यात दोगी! येवडं कळंना व्हय?”

आप्पा हातातला पाना तसाच घेऊन माझ्यापाशी आले. मग हळूच मला म्हणाले, “बाई, ऐकलं का? हिला ठावं हाय इंजिनात काय काय हाय.” जात्याच्या अकलेचं त्यांना काहीच नव्हतं. जिनं गाडीत पाऊल ठेवायचं नाही म्हणून शपथ घेतली, ती आतून सगळं कान देऊन ऐकत होती, याचाच त्यांना आनंद. त्या दिवशी ते उगीचच तीनदा पाणी मागायला घरात गेले.

सांगलीहून उरलेले दोन पिस्टन यायला दिवाळी उजाडली. मग ते सहाच्या सहा पिस्टन आप्पांनी सोनाराकडं नेले. सोनार बिचारा मंगळसूत्र दाखवायला मखमल अंथरून बसलेला, त्याच मखमलीवर आप्पांनी ते काळे ठोकळे मांडले. “सारकं वजन पायजे. गुंजभर बी फरक नगं.” चांदीच्या तराजूत एकेक तोलायचा, जड निघाला तर आतून थोडा घासायचा, परत तोलायचा. लग्नाची खरेदी करायला आलेली मंडळी ते दृश्य बघून दारातूनच मागं फिरली. सोनार नंतर कित्येक दिवस आप्पांना बघून दुकानाची फळी लावी. पण गाडी चालू झाली तेव्हा माझे डबे जागचे हलले नाहीत. मी भिंतीवरून सांगितलं, “आप्पा, डबे स्थिर आहेत.” त्यांनी मला कडक सलाम ठोकला.

काकींच्या माहेरच्या गावची जत्रा आली. आप्पा आदल्या दिवशी एकटेच घाट चढून आले होते. तरी काकींना विचारायचं धाडस होईना. मलाच मध्ये घातलं. मी विचारलं, तर काकी चूल सारवता सारवता म्हणाल्या, “वजनाला तुमी येनार आसाल तर बसती.” झालं! सकाळी काकी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, नाकात नथ घालून पुढं बसल्या. आप्पांनी स्वतः दार लावलं. मी माझ्या जागी, मागं, नारळाच्या आणि पेढ्यांच्या पिशव्यांबरोबर.

गाडी चढली हो! भाता असा एका सुरात वाजत होता, की आप्पा नुसते ऐकत होते. पहिली चार वळणं गेली. ज्या जागी ती पूर्वी बसायची तीही गेली. कृष्णेचं खोरं खाली खाली जाऊ लागलं. आप्पांनी आणखी जोर दिला आणि गाडी उसळली.

“थांबवा,” काकी म्हणाल्या.

“काय झालं?”

“थांबवा म्हनती न्हवं! लय पळतीया ही.” गाडी उभी राहिली. काकी दार उघडून खाली उतरल्यासुद्धा.

आप्पांचं तोंड बघवेना. “अगं, पर चढतीया की ती!”

“चढती म्हनूनच उतरली. मला चालायची सवं हाय ह्या घाटाला. तुमी व्हा फुडं.”

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एवढे पार्ट, एवढ्या खेपा, आणि ही बया पुन्हा पायीच. मग आप्पांनी गाडी पहिल्या गिअरात टाकली आणि काकींच्या चालीनं, त्यांच्या बाजूबाजूनं, सोडली.

“व्हा की फुडं!”

“न्हाई. आता तू एकली जायाचं न्हाई. मी बी चालत येनार.”

“गाडी घिऊन?”

“गाडी घिऊन.”

काकींना हसू आलं. त्यांनी उघड्या खिडकीवर हात ठेवला आणि चालू लागल्या. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाचं घर दिसतं, कुठं करवंदं असायची, कुठं बोचकं टेकवायच्या. मागं बसून मी ते ऐकणं बरं दिसेना. आता वजनाची गरजही नव्हती. मी हळूच दार उघडून उतरले आणि कठड्यापाशी उभी राहिले.

तेवढ्यात मागून एस्टी आली. आप्पांची गाडी पुढं मुंगीच्या पावलानं चाललेली, काकींचा हात तिच्यावर. बघणाऱ्याला काय वाटणार? कंडक्टरनं घंटी मारली, एस्टी थांबली आणि चार-पाच गडी धोतरं खोचत उतरले.

“आवं, म्हाताऱ्या मानसाला ढकलाय लावता व्हय? सरा मावशी. आमी लावतो हात.”

“हात लावायचा न्हाई!” आप्पा खिडकीतून किंचाळले. “इंजीन चालू हाय! ढकलत न्हाई ती, चालतीया!”

“समदे आसंच म्हनत्यात, आप्पा. लाजायचं काय त्यात? जुनी गाडी हाय, व्हायचंच.” एस्टीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

काकींनी त्या खिडक्यांकडं वळून पाहिलं. मग नथ सारखी केली.

“सरा मागं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मालकाच्या गाडीला ढकलाय लागत न्हाई.”

त्यांनी दार उघडलं, आत बसल्या आणि दार असं आपटलं की घाटात आवाज घुमला. “सोडा आता. लागंल तेवढी सोडा.”

भात्यानं जो काय हुंकार दिला! मागं हात लावून उभे असलेले दोन गडी तोंडावर पडता पडता राहिले. धूळ, पेट्रोलचा वास आणि एस्टीतल्या पोरांच्या टाळ्या. मी कठड्यापाशी उभी, पर्स गाडीत, चप्पलसुद्धा एक गाडीत राहिलेली. माझी आठवण दोघांनाही नव्हती आणि मी हाकही मारली नाही. त्या उन्हाळ्यात आमची सांगलीला बदली झाली, पुढं गाठी फारशा पडल्या नाहीत. आप्पा म्हटलं की मला त्या वळणावरची मागची काच दिसते. काकींनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली. आप्पांचं तोंड रस्त्याकडं नव्हतंच, ते काकींकडं बघत होते. काकींनी एक हात सोडला, त्यांची हनुवटी धरली आणि तोंड रस्त्याकडं वळवून दिलं.